व्हिजिटर चार हजार, माणसं किती?

आमच्या मास कॉमच्या वर्गाची एक छोटीशी न्यूज साईट आहे. कँटीनचे वाढलेले दर, रखडलेले निकाल, युथ फेस्टिव्हलच्या बातम्या असं सगळं तिच्यावर असतं. रोज साठ-सत्तर जण येतात आणि खरं सांगायचं तर त्यातले बरेचसे आम्हीच असतो. एका सोमवारी सकाळी होस्टिंगचं पॅनेल उघडलं, तर व्हिजिटर्सचा आकडा चार हजारांच्या वर! वर्गात नुसता जल्लोष. नेमका कोणाचा लेख व्हायरल झाला यावरून दोन गटही पडले.

साईटच्या जाहिराती आणायचं काम तेव्हा माझ्याकडे होतं. मी लगेच कॉलेजसमोरच्या झेरॉक्सवाल्या काकांसाठी पत्र टाइप केलं. 'आमच्या साईटला एका दिवसात चार हजारांहून अधिक वाचक भेट देतात. आपण जाहिरात द्यावी. दर तीन हजार रुपये.' काका म्हणाले, 'बघतो,' आणि पत्र ड्रॉवरमध्ये ठेवलं.

दोन दिवसांनी आयटीच्या एका सीनियरनं आम्हाला सर्व्हरचा लॉग उघडून दाखवला. लॉग म्हणजे सर्व्हरची हजेरीवही. कोण आलं, किती वाजता आलं, कोणतं पान मागितलं, याची ओळीनं नोंद. त्यात दिसलं की आमचे बहुतेक 'वाचक' पहाटे दोन ते चारच्या मध्ये आले होते. एकाच सेकंदात वीस-वीस पानं मागत होते. आणि कित्येक जण वर्डप्रेसचं लॉगिनचं पान शोधत होते. गंमत म्हणजे आमची साईट वर्डप्रेसवर नाहीच!

लेख वगैरे कोणी वाचलाच नव्हता. कोणीतरी रात्रीत येऊन दारं-खिडक्या ढकलून बघून गेलं होतं, एवढंच. आणि तो 'कोणीतरी' माणूस नव्हता, बॉट होता.

मला घाम फुटला तो त्या पत्रामुळे. कारण ते काकांच्या ड्रॉवरमध्ये होतं आणि खाली माझी सही होती.

बॉट म्हणजे नेमकं काय?

बॉट म्हटलं की आपल्याला सोशल मीडियावरची खोटी अकाउंट्स आठवतात. पण व्याख्या साधी आहे. माणसाऐवजी साईटवर जाऊन पानं मागणारा, फॉर्म भरणारा, क्लिक करणारा प्रोग्राम म्हणजे बॉट. सगळे बॉट वाईट नसतात. किंबहुना ते नसते, तर सर्च इंजिन चाललंच नसतं. तुम्ही गुगलवर काही शोधता, तेव्हा गुगल त्या क्षणी सगळं इंटरनेट धुंडाळत नाही. त्याचे बॉट आधीच पानापानावर फिरून यादी तयार करून ठेवतात. अशा बॉटना क्रॉलर म्हणतात.

ही गोष्ट वेबइतकीच जुनी आहे. १९९३ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये मॅथ्यू ग्रे या विद्यार्थ्यानं वेब किती मोठं आहे हे मोजण्यासाठी 'वर्ल्ड वाइड वेब वाँडरर' नावाचा प्रोग्राम लिहिला. पुढच्याच वर्षी, १९९४ मध्ये, मार्टिन कोस्टर यांनी एक तोडगा सुचवला. साईटच्या दारात 'रोबोट्स डॉट टीएक्सटी' नावाची साधी फाइल ठेवायची आणि त्यात लिहायचं, की बॉटनी कुठे यावं आणि कुठे येऊ नये.

पण ही फाइल म्हणजे कुलूप नाही, पाटी आहे. 'गेटसमोर गाड्या लावू नयेत' असं लिहिलेलं असतं ना, अगदी तशी. ज्याला पाळायचीय तो पाळतो. ज्याला नाही, त्याची गाडी नेमकी पाटीखालीच उभी असते. २०२२ मध्ये या पद्धतीला अधिकृत इंटरनेट मानकाचं रूप मिळालं, तरी स्वरूप तेच राहिलं. ती अजूनही विनंतीच आहे.

निम्म्याहून जास्त?

बॉट ट्रॅफिकवर दरवर्षी अहवाल काढणाऱ्या इम्पर्व्हा या सायबर सुरक्षा कंपनीनं २०२५ च्या अहवालात म्हटलंय, की २०२४ मध्ये वेबवरच्या एकूण ट्रॅफिकपैकी ५१ टक्के ट्रॅफिक स्वयंचलित होता. म्हणजे गेल्या दहा वर्षांत पहिल्यांदाच माणसं अल्पमतात गेली. त्यातही एकूण ट्रॅफिकच्या ३७ टक्के वाटा 'वाईट' बॉटचा होता.

आता थांबा. हा आकडा स्टेटसला टाकण्याआधी दोन गोष्टी लक्षात घ्या. एक, ही कंपनी बॉट अडवण्याची सेवाच विकते. त्यामुळे लगेच आकडा खोटा ठरत नाही, पण छत्री विकणारा पावसाबद्दल काय सांगतोय हे थोडं सावधपणे ऐकावं. दोन, ट्रॅफिक म्हणजे माणसं नव्हेत. एक बॉट एका मिनिटात हजार पानं मागू शकतो, तुम्ही दोन वाचाल. त्यामुळे निम्मं इंटरनेट खोटं आहे असा याचा अर्थ होत नाही. साईटच्या दारावर पडणाऱ्या थापांपैकी निम्म्याहून जास्त थापा मशिनच्या आहेत, इतकाच अर्थ होतो.

'मग पडू देत की थापा, मला काय त्याचं?' असं वाटत असेल, तर सकाळी दहाला आयआरसीटीसी उघडून बघा.

तत्काळच्या रांगेत कोण?

बाहेरगावी शिकणाऱ्या प्रत्येकानं हा अनुभव घेतलाय. एसीचं तत्काळ सकाळी दहाला उघडतं, नॉन-एसीचं अकराला. आपण नऊ पन्नासला लॉगिन करून, प्रवाशांची यादी भरून, यूपीआय तयार ठेवून बसतो. घड्याळात ११:००. क्लिक. चाक फिरतंय. कॅप्चा. पुन्हा चाक. ११:०२ ला वेटिंग. मग गणपतीला कोकणात जायचं तर रात्रभर एसटीत किंवा ट्रॅव्हल्सला दुप्पट पैसे.

आपण नेटला शिव्या घालतो. पण प्रत्येक वेळी दोष नेटचा नसतो. जून २०२५ मध्ये रेल्वे मंत्रालयानं स्वतःच सांगितलं, की तत्काळ उघडल्यानंतरच्या पहिल्या पाच मिनिटांत लॉगिनच्या एकूण प्रयत्नांपैकी ५० टक्क्यांपर्यंत प्रयत्न बॉटचे असतात. याच काळात अडीच कोटी युजर आयडी बंद केल्याचंही मंत्रालयानं जाहीर केलं. अडीच कोटी! नवी बॉटविरोधी यंत्रणा बसवल्यावर, २२ मे २०२५ ला सकाळी दहा वाजता, एका मिनिटात ३१,८१४ तिकिटं बुक झाली. मिनिटाला एवढी तिकिटं जात असतील, तर लोकप्रिय गाडीतल्या शे-दोनशे जागांचं काय होणार हे कळायला गणित लागत नाही.

हे बॉट चालतात कसे? त्यात जादू काही नाही. नाव, वय, बर्थ, पेमेंट हे सगळं आधीच भरून ठेवलेलं असतं. खिडकी उघडली की प्रोग्राम ते एका झटक्यात टाकतो आणि तेही एका नाही, अनेक आयडींवरून एकदम. हे आयडी काही मिनिटांपुरत्या मिळणाऱ्या ईमेल पत्त्यांवर उघडलेले असू शकतात. आपल्याला नाव टाइप करायला दहा सेकंद लागतात, तेवढ्यात त्यांचं काम झालेलं असतं. आधी दलाल खिडकीपाशी रांगेत नंबर लावायला माणसं उभी करायचे, आता प्रोग्राम उभा करतात. धंदा तोच.

आणि हा फक्त लबाडीचा प्रश्न नाही, गुन्हा आहे. परवानगीशिवाय रेल्वे तिकिटांचा धंदा करणं रेल्वे कायद्याच्या कलम १४३ खाली गुन्हा आहे. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. हे कलम ऑनलाइन तिकिटांच्या काळाबाजारालाही लागू होतं, असं सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केलं.

उपाय आला, पण बिल कोणाला?

रेल्वेनं मग नियम बदलले. १ जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काळ फक्त आधारनं पडताळलेल्या खात्यावरूनच मिळतं. १५ जुलैपासून आधारशी जोडलेल्या मोबाईलवर येणारा ओटीपी लागतो. अधिकृत एजंटांना पहिली ३० मिनिटं तत्काळ काढायला बंदी आहे. १ ऑक्टोबर २०२५ पासून साध्या आरक्षणाची पहिली १५ मिनिटंही आधारवाल्या खात्यांसाठीच ठेवली गेली.

तर्क समजण्यासारखा आहे. खोटे ईमेल हजार काढता येतात, खोटी आधार कार्डं तितकी सहज नाही. पण माझ्या रूममेटचं बघा. तिचं आधार शाळेत असताना काढलेलं, त्याला नंबर जोडलाय तो बाबांचा. आणि बाबा अकरा वाजता शेतात. ती पुण्यात लॅपटॉपसमोर बसलेली आणि ओटीपी गावाला, खुंटीला टांगलेल्या शर्टाच्या खिशात वाजतोय! आता ती नंबर बदलून घ्यायला आधार केंद्राच्या रांगेत उभी राहणार, म्हणजे बॉटनं रांग मोडली आणि शिक्षा म्हणून आणखी एका रांगेत उभी राहिली ती.

बॉट ट्रॅफिकबद्दल मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हेच. मशिन येतं आणि 'मी माणूस आहे' हे सिद्ध करायची जबाबदारी मात्र माणसावर पडते. भिंत जितकी उंच, तितका त्रास ज्याच्याकडे कागद कमी, फोन साधा, नेट हळू, त्याला जास्त.

ट्रॅफिक सिग्नल ओळखा बरं!

कॅप्चाचंच उदाहरण घ्या. वेडीवाकडी अक्षरं ओळखायला लावणारी ही कल्पना २००० च्या सुमाराला अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात पुढे आली. २००७ मध्ये लुईस फॉन आन आणि सहकाऱ्यांनी रीकॅप्चा आणलं. त्यात लोक जी अक्षरं ओळखायचे, ती जुन्या पुस्तकांच्या आणि वर्तमानपत्रांच्या स्कॅनमधली असायची. म्हणजे आपण फॉर्म भरता भरता न्यूयॉर्क टाइम्सचे जुने अंक डिजिटल करायला हातभार लावत होतो! २००९ मध्ये गुगलनं ते विकत घेतलं.

पण मशिनही शिकली. २०२३ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन कॅम्पसमधल्या संशोधकांनी मोठ्या संख्येनं लोकांना कॅप्चा सोडवायला दिले आणि तुलना केली. बॉट माणसांपेक्षा वेगानं आणि जास्त अचूक सोडवतात, असं दिसलं. थोडक्यात काय, सिग्नलच्या खांबाचा तुकडा असलेला चौकोन धरायचा की नाही या विचारात आपणच अडकतो.

'मग ज्या पत्त्यावरून बॉट येतो तो आयपी ॲड्रेसच ब्लॉक करा ना!' हा माझा पहिला प्रश्न होता. सीनियर हसला. आपल्याकडे मोबाईल कंपन्या एकाच आयपी ॲड्रेसमागे कितीतरी ग्राहक ठेवतात. हॉस्टेलच्या वायफायचंही तेच. एक पत्ता ब्लॉक केला की अख्खं हॉस्टेल बाहेर. 'तुमच्या नेटवर्कवरून असामान्य ट्रॅफिक येत आहे' असा मेसेज तुम्हालाही कधीतरी आला असेल. तुम्ही काही केलेलं नसतं, तुमच्या पत्त्यावरच्या कोणीतरी केलेलं असतं.

किंवा तुमच्या राउटरनंही! २०१६ मध्ये 'मिराई' नावाच्या मालवेअरनं जगभरातले घरगुती राउटर आणि सीसीटीव्ही कॅमेरे ताब्यात घेतले. कसे? तर कंपनीनं दिलेले साठेक पासवर्ड एकेक करून लावून बघायचा, बस्स. लोकांनी ते बदललेलेच नव्हते. ऑक्टोबर २०१६ मध्ये अशा उपकरणांच्या फौजेनं डिन या कंपनीच्या सर्व्हरवर एकदम हल्ला केला आणि अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्स, स्पॉटिफाय काही तास अनेकांना उघडेनात. मूळ मिराई बनवणारे कोण होते? विशी-एकविशीतले तिघं तरुण. आपल्याच वयाचे. २०१७ मध्ये त्यांनी न्यायालयात गुन्हा कबूल केला.

क्लिक विकणारे, लेख उचलणारे

या सगळ्यात पैसा कुठून येतो? तिकिटांचा कळला. दुसरा मोठा मार्ग जाहिरातींचा. जाहिरातदार 'किती जणांनी बघितली' यावर पैसे देतो. मग बघणारे खोटेच तयार केले तर? 'मेथबॉट' नावाच्या टोळीनं तेच केलं. डेटा सेंटरमधले सर्व्हर भाड्यानं घेतले, त्यांना माणसांसारखा माउस हलवायला, स्क्रोल करायला शिकवलं आणि बनावट पानांवर व्हिडिओ जाहिराती 'बघायला' बसवलं. डिसेंबर २०१६ मध्ये हे उघड करणाऱ्या व्हाइट ऑप्स कंपनीचा अंदाज होता, की टोळी दिवसाला ३० ते ५० लाख डॉलर कमावते. पुढे खटला उभा राहिला तेव्हा अमेरिकन सरकारी वकिलांनी मांडलेली एकूण रक्कम ७० लाख डॉलरहून थोडी जास्त होती. सूत्रधार अलेक्झांडर झुकोव्हला २०२१ मध्ये दहा वर्षांची शिक्षा झाली. गुन्हा खरा होता, पण अंदाजाचा आकडा आणि कोर्टातला आकडा यातलं अंतरही बघून ठेवा. पत्रकारितेच्या परीक्षेत हे विचारत नाहीत, पण उपयोगी पडतं.

तिसरा प्रकार नवा आहे. एआय मॉडेल्सना शिकवण्यासाठी लागणारा मजकूर आणि फोटो गोळा करणारे बॉट. याचा फटका आपण सगळे असाइनमेंटच्या आदल्या रात्री जिथे जातो त्या विकिपीडियाला बसतोय. तो चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशननं एप्रिल २०२५ मध्ये सांगितलं, की जानेवारी २०२४ पासून मल्टिमीडिया डाउनलोडसाठी लागणारी बँडविड्थ ५० टक्क्यांनी वाढली आणि ती वाढ मुख्यतः बॉटमुळे आहे. पेज व्ह्यूमध्ये बॉटचा वाटा ३५ टक्के, पण सगळ्यात खर्चिक ट्रॅफिकमध्ये मात्र ६५ टक्के.

हे असं का? आपण माणसं साधारण एकच पानं वाचतो. मॅच असली की विराट, निवडणूक असली की मतदारसंघ. अशा पानांची प्रत जवळच्या सर्व्हरवर तयार असते, ती स्वस्तात मिळते. बॉट मात्र कोणी न वाचलेली पानंही ओळीनं उचलतो. ती दरवेळी मुख्य डेटा सेंटरमधून आणावी लागतात. मराठी विकिपीडियाही याच फाउंडेशनच्या सर्व्हरवर चालतो आणि सगळा डोलारा देणग्यांवर उभा आहे. शिवाय ज्याला उत्तर एआयकडून मिळालं, तो मूळ पानावर येतोच असं नाही. न आलेला वाचक देणगी देत नाही आणि चुकीचा शब्दही दुरुस्त करत नाही.

पुढच्या वेळी आकडा दिसला तर

'दहा लाख व्ह्यूज', 'पन्नास हजार व्हिजिटर्स' असं कोणी सांगितलं, किंवा तुम्ही स्वतः सांगणार असाल, तर आधी एवढं विचारा:

• मोजलं कशानं? सर्व्हरचं पॅनेल आलेली प्रत्येक मागणी मोजू शकतं. पानावरची ॲनालिटिक्स सेवा ब्राउझरमध्ये चालते, त्यामुळे साधे बॉट त्यातून गळतात. हुशार बॉट मात्र तिथेही दिसतात.
• आले कधी आणि कुठून? मराठी साईटवर पहाटे तीनला परदेशी डेटा सेंटरमधून गर्दी होत असेल, तर ती वाचनाची भूक नव्हे.
• थांबले किती वेळ? शून्य सेकंदात कोणी लेख वाचत नाही.
• पुढे काही केलं का? कमेंट, शेअर, चूक दाखवणारा ईमेल, काहीतरी.
• आकडा सांगणारा काय विकतोय?

आणि हो, घरच्या राउटरचा आणि कॅमेऱ्याचा पासवर्ड बदला. तत्काळ 'नक्की' काढून देतो म्हणणाऱ्या एक्स्टेन्शनला आयआरसीटीसीचा पासवर्ड देऊ नका. आधारला कोणाचा नंबर जोडलाय हेही सुट्टीत घरी गेलात की बघून घ्या.

आता त्या पत्राचं. वर्गात यावर बरीच चर्चा झाली. 'पॅनेलवर आकडा होता तोच लिहिलाय, खोटं कुठे बोललो?' असं काहींचं म्हणणं. मलाही दोन दिवस तेच पटत होतं, कारण तीन हजारांत वर्षभराचं होस्टिंग निघालं असतं. पण मी पत्रात 'व्हिजिटर' लिहिलं नव्हतं, 'वाचक' लिहिलं होतं. आणि वाचक साठच होते.

शेवटी गेले. काकांना म्हटलं, 'काका, ते चार हजार खरे नाहीत. कॉम्प्युटरनं केलेला घोळ आहे. रोज साठ-सत्तर जणच येतात.' काकांनी झेरॉक्सवरचं झाकण उचललं, कागद उलटा केला आणि विचारलं, 'अगं, मग ते साठ-सत्तर कोण? आपल्याच कॉलेजचे ना?'

'हो.'

'मग चार हजारांचं मला काय करायचंय? ते काय इथे प्रोजेक्ट बाइंड करायला येणारेत? दीड हजार देतो. आणि पत्र नवीन आण.'

नवीन पत्रात आम्ही लिहिलं: रोजचे वाचक सुमारे ६५. ते टाइप करताना थोडं लाजल्यासारखं झालं, खोटं कशाला बोलू. पण ती पासष्ट माणसं आहेत. मागच्या महिन्यात परीक्षेच्या तारखेत एक चूक गेली, तर अकरा वाजायच्या आत त्यातल्या चौघांचे मेसेज आले होते.